मक्तेदार आणि मागाहून येणारा कर

आपल्या ज्ञातीतील जी घरे गेल्या तीन पिढ्यांत नावारूपास आली, त्यांपैकी पुष्कळांच्या उत्कर्षाचा पाया मक्त्याच्या कामांनी घातला आहे. आजोबांच्या हाती थापी व ओळंबा, वडिलांच्या हाती मुकादमाची हजेरीवही आणि मुलाच्या हाती निविदेचा लिफाफा, असा हा प्रवास अनेक ज्ञातिबांधवांच्या घरी घडला. या प्रवासाचे कौतुक आपल्या स्मरणिकेत पूर्वी पुष्कळदा झालेले आहे. परंतु वार्षिक मेळाव्यात चार मक्तेदार एकत्र बसले, की त्यांचे बोलणे पूल, रस्ते व इमारती यांवरून हळूहळू कर-कार्यालयाकडून आलेल्या नोटिशीवर येऊन ठेपते, हेही आम्ही नेहमी पाहतो. कर भरावा लागतो ही त्यांची तक्रार क्वचितच असते. काम पुरे झाले, पैसे वाटले गेले, हिशेब मिटला आणि त्यानंतर कर आला, ही त्यांची खरी व्यथा होय. या व्यथेला एक इतिहास आहे. तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांस दिला. मद्रास प्रांताने १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला व मुंबई प्रांताने १९४६ मध्ये तो मार्ग अनुसरला. दुकानदार माल विकतो आणि त्यावर कर देतो, येथवर प्रश्न सरळ होता. परंतु घर बांधून देणारा मक्तेदार काय विकतो? तो विटा विकतो, की भिंत उभारून देतो? मद्रास सरकारने १९४७ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून मक्त्याची कामेही विक्रीकराच्या कक्षेत आणली. मक्त्याच्या एकूण रकमेतून मजुरीपोटी ठराविक हिस्सा वजा करावयाचा आणि उरलेली रक्कम मालाची विक्री समजावयाची, अशी ती योजना होती.

या योजनेविरुद्ध गॅनन डंकर्ली या बांधकाम कंपनीने दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल १९५८ रोजी दिलेला त्या प्रकरणाचा निकाल प्रत्येक मक्तेदाराच्या घरी ठाऊक असावा, इतक्या महत्त्वाचा आहे. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिलेल्या या निकालपत्राचा आशय असा, की बांधकामाचा करार हा एकसंध व अविभाज्य करार आहे. त्यात विटांचा निराळा सौदा ठरलेला नसतो आणि विटांची निराळी किंमतही ठरलेली नसते. वीट भिंतीत बसली, की ती जमिनीचा भाग होऊन जमीनमालकाची होते. म्हणून येथे मालाची विक्री झाली असे म्हणता येत नाही, आणि जेथे विक्री नाही तेथे विक्रीकर बसविण्याचा अधिकार प्रांतिक विधिमंडळास पोहोचत नाही.

यापुढील सुमारे पंचवीस वर्षे अशा एकसंध करारांपुरती मक्तेदारास विक्रीकरापासून स्वस्थता लाभली. परंतु राज्यांना ही तूट सोसवेना. विधी आयोगाने १९७४ च्या आपल्या एकसष्टाव्या अहवालात या प्रश्नाचा विचार केला आणि अखेर संविधानात शेहेचाळिसावी दुरुस्ती होऊन ती २ फेब्रुवारी १९८३ पासून अमलात आली. मक्त्याच्या कामात जो माल खर्ची पडतो, त्याच्या मालकीचे हस्तांतरण ही विक्रीच समजावी, असे या दुरुस्तीने ठरविले. न्यायालयाने जो करार अविभाज्य म्हटला होता, तो अशा रीतीने दुभंगला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

तथापि दुभंगलेल्या कराराचे दोन भाग कसे मोजावयाचे, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर १७ नोव्हेंबर १९९२ च्या निकालात मिळाले. याही वेळी दाद मागणारी कंपनी गॅनन डंकर्लीच होती. मजुरी, आराखड्याचे शुल्क, यंत्रांचे व अवजारांचे भाडे, पाणी, वीज व इंधन यांचा खर्च, तसेच मजुरीच्या भागावरील नफा हे सर्व वजा करून उरलेल्या मालाच्या किमतीवरच कर घेता येईल, असे न्यायालयाने सांगितले. पण त्याच निकालात आणखी एक वाक्यार्थ आहे, ज्याकडे आपल्या लोकांचे पुरेसे लक्ष गेले नाही. मक्तेदाराचे हिशेब नीट ठेवलेले नसतील, तर सरकारला मजुरीची ठराविक शेकडेवारी धरून कर आकारता येईल, असा तो आहे. म्हणजे ज्याची वही चोख, त्याला प्रत्यक्ष खर्चाची वजावट. ज्याची वही नाही, त्याला सरकार ठरवील ती. या एका भेदामुळे किती घरे बुडाली व किती तरली, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

येथे एक प्रश्न सहज उत्पन्न होतो. कर तर सर्वच व्यापाऱ्यांस आहे; मग मागाहून आलेल्या करामुळे मक्तेदारच अधिक का होरपळतो? याचे कारण त्याच्या धंद्याच्या घडणीतच आहे. दुकानदाराचा माल रोज विकला जातो; कर वाढला, तर उद्याच्या गिऱ्हाइकाकडून तो वसूल होतो. मक्तेदार आपला दर निविदेच्या दिवशी एकदाच लिहून देतो. स्पर्धेत टिकण्यासाठी तो आपला नफा शेकडा पाच-सातापर्यंतही उतरवतो. काम दोन-तीन वर्षे चालते, चालू बिले मिळतात, अखेरचे बिल रखडते, अनामत रक्कम त्याहून उशिरा सुटते. एवढे सर्व मिटल्यावर जर त्याच कामावर नवा कर बसला, तर तो कोणाकडे मागावयाचा? करारात तशी तरतूद नसेल, तर ज्या खात्याचे काम केले ते खाते हात वर करते आणि कर मागणारे खाते हात पुढे करते.

या गोष्टीचा सर्वात कटु अनुभव आपल्या महाराष्ट्रात सदनिकांच्या बाबतीत आला. ५ मे २००५ रोजी के. रहेजा कंपनीच्या कर्नाटकातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की इमारत पुरी होण्यापूर्वी सदनिका विकण्याचा करार हाही मक्त्याचा करार होय. त्यानंतर महाराष्ट्राने मूल्यवर्धित कराच्या कायद्यात दुरुस्ती करून २० जून २००६ पासूनचे असे करार कराच्या कक्षेत घेतले. जमिनीची किंमत वजा करण्याचा नियम मागाहून आला व तोही त्याच तारखेपासून लागू समजला गेला. दरम्यान २००८ मध्ये रहेजा प्रकरणातील मत बरोबर की चूक, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. त्यामुळे पुष्कळांनी कर घेतलाही नाही व भरलाही नाही. १० एप्रिल २०१२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती न देता कर भरण्यास ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत मुदत दिली. पुढे २६ सप्टेंबर २०१३ रोजी लार्सन अँड टुब्रो प्रकरणात कराचे तत्त्व कायम झाले; मात्र खरेदीदाराशी करार झाल्यानंतर जो माल बांधकामात गेला तेवढ्यावरच कर, अशी मर्यादा न्यायालयाने घातली.

या तारखा कागदावर कोरड्या वाटतात. घरात त्या कशा उतरतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या एका चुलत्यांनी तालुक्याच्या गावी आठ सदनिकांची इमारत बांधली. २००७ मध्ये करार झाले, २००९ मध्ये चाव्या दिल्या आणि पेढे वाटले. २०१२ च्या दिवाळीपूर्वी त्यांस कराचा आकडा समजला. बारा लाखांच्या सदनिकेमागे एकरकमी शेकडा ५ दराने धरले, तरी साठ हजार रुपये होत होते. ते आठही दारांशी गेले. तिघांनी रक्कम दिली, दोघांनी वकिलाचे पत्र पाठविले, दोघांनी दार उघडले नाही. आठव्या घरात त्यांच्या पुतणीचे सासर होते. त्या दाराशी चुलते उभे राहिले आणि काही न मागता, चहा घेऊन परत आले. उरलेली रक्कम त्यांनी काकूंचे दागिने गहाण ठेवून भरली. त्यांनी कर चुकविला नव्हता आणि त्या पाच घरांनीही फसविले नव्हते. ठरल्या किमतीत घर घेतलेल्या नोकरदारास तीन वर्षांनी साठ हजार कोठून आणावयाचे, हा त्यांचाही प्रश्न खराच होता. मागाहून येणारा कर दोन प्रामाणिक माणसांस एकमेकांपुढे देणेकरी म्हणून उभा करतो, हा त्याचा खरा दोष आम्हांस वाटतो.

आयकराच्या बाबतीतही असेच घडले. रस्ते, पूल, बंदरे इत्यादी पायाभूत सोयी उभारणाऱ्यांस आयकर कायद्याच्या ८०-आयए या कलमाने सवलत दिली होती व पुष्कळ मक्तेदारांनी तीवर हक्क सांगितला होता. २००७ च्या वित्त अधिनियमाने एक स्पष्टीकरण घालून, केवळ मक्त्याचे काम करणाऱ्यास ही सवलत नाही, असे १ एप्रिल २००० पासून लागू केले. २००९ मध्ये ते पुन्हा, त्याच जुन्या तारखेपासून, नव्या शब्दांत आले. २०१२ मध्ये व्होडाफोन कंपनीच्या विजयानंतर केलेली पूर्वलक्षी दुरुस्ती जगभर गाजली. २०२१ मध्ये सरकारनेच कायदा करून त्या जुन्या मागण्या सोडून दिल्या व घेतलेली रक्कम व्याजाविना परत करण्याचे ठरविले. मोठ्या परदेशी कंपनीच्या वाट्यास आलेला हा विवेक लहान मक्तेदाराच्या वाट्यास मात्र आला नाही.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि स्थावर मालमत्तेवरील मक्त्याचे काम सेवा म्हणून गणले जाऊ लागले. वीट की भिंत हा जुना वाद तेथे बव्हंशी संपला. पण मागे वळून कर लावण्याची रीत संपली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सफारी रिट्रीट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भाड्याने द्यावयाच्या इमारतीच्या बांधकामावरील कराची वजावट काही परिस्थितीत मिळू शकेल, असे म्हटले. त्या निकालाचा आधार कायद्यातील ‘किंवा’ या एका शब्दात होता. २०२५ च्या वित्त अधिनियमाने त्या ‘किंवा’ चे ‘आणि’ केले, आणि तेही १ जुलै २०१७ पासून.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वलक्षी कायदा करण्याचा विधिमंडळाचा अधिकार न्यायालयांनी वारंवार मान्य केला आहे. ज्या तिजोरीतून आपली बिले निघतात, ती करानेच भरते. आणि चौकशी आली की प्रत्येक वेळी अन्यायच झाला, असेही नाही. कच्च्या पावत्या, खोटे हजेरीपट व नावापुरते पोटमक्तेदार हे आपल्यातही आहेत. पण कराचा दर कितीही असो, तो निविदेच्या दिवशी माहीत असावा, एवढी मक्तेदाराची मागणी न्याय्य आहे.

ही मागणी मान्य होईपर्यंत आपण काय करावे? करारात नव्या वा बदललेल्या कराची जबाबदारी कोणाची, हे कलम वाचल्यावाचून सही करू नये. मोजमाप पुस्तिकेची प्रत, मालाच्या पावत्या, मजुरांचा हजेरीपट, पोटमक्तेदाराची बिले व बँकेचे उतारे काम संपल्यावरही जपून ठेवावेत. नोटीस आली तर ती देवघरात लपवून न ठेवता मुदतीच्या आत जाणत्यास दाखवावी. आपल्या मंडळात हिशेबतपासनीस आहेत, वकील आहेत, निवृत्त अभियंते आहेत. महिन्यातून एक सायंकाळ त्यांनी लहान मक्तेदारांसाठी राखून ठेवावी, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे.

आपल्या वाडवडिलांनी बांधलेल्या भिंती अजून ओळंब्यात उभ्या आहेत. त्यांच्या नातवांच्या वह्याही तशाच ओळंब्यात असोत, आणि कोणाही ज्ञातिबांधवास केलेल्या कामाचा हिशेब मिटल्यावर आप्ताच्या दाराशी हात पसरून उभे राहण्याची वेळ न येवो, हीच ईशचरणी प्रार्थना.