बाण किती दूर जातो आणि तो किती अंतरावरून सोडावा

१७९० च्या दशकात लंडनमधील तुर्की वकिलातीच्या सचिवाने आपल्या देशी धनुष्यातून सोडलेला बाण सुमारे ४४० मीटर अंतरावर जाऊन पडला आणि तेथील धनुर्धर थक्क झाले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १९९३ साली, मानवशास्त्रज्ञ स्टीव्हन चर्चिल यांनी शिकार आणि संकलन करून जगणाऱ्या समाजांविषयीच्या नोंदी एकत्र केल्या. या समाजांतील शिकारी धनुष्य प्रत्यक्षात किती अंतरावरून वापरतात, याची सरासरी त्यांना सुमारे २६ मीटर आढळली. दोन्हीकडे शस्त्र एकाच जातीचे, तरी एक आकडा दुसऱ्याच्या सतरापट. बाण किती दूर जाऊ शकतो आणि तो किती अंतरावरून सोडणे योग्य आहे, हे दोन निराळे प्रश्न असल्याचा हा सर्वांत सोपा पुरावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर धनुष्य देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र जनावर, हवा, काळ आणि धनुर्धराचा स्वतःचा हात मिळून देतात.

धनुष्याचा इतिहास फार जुना आहे. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू गुहेत सापडलेली सुमारे ६४,००० वर्षांपूर्वीची दगडी पाती बाणांच्या टोकांवर बसवलेली असावीत, असे त्यांवरील खुणा आणि चिकटद्रव्याचे अवशेष सुचवतात. श्रीलंकेतील फा-हिएन गुहेत मिळालेली हाडांची टोके सुमारे ४८,००० वर्षांपर्यंत जुनी आहेत. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली जगासमोर आणलेल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांतही धनुष्य ताणलेले शिकारी रंगवलेले दिसतात. मात्र पाते आणि चित्र शस्त्राची साक्ष देतात, अंतराची देत नाहीत. अंतराची साक्ष मिळते ती नॉर्वेच्या डोंगरांत. तेथे रेनडिअरच्या जाण्यायेण्याच्या वाटांलगत दगड रचून केलेले बुटके आडोसे आजही उभे आहेत. त्यांमागे दबा धरून बसलेला धनुर्धर कळप अगदी जवळ येईपर्यंत थांबत असे. ज्याला दूरवरून नेम धरता येतो, तो वाटेच्या काठी दगड रचण्याचे कष्ट कशाला घेईल?

कालाहारीतील सान शिकाऱ्यांनी हाच प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला. त्यांचे धनुष्य लहान आणि कमी ताकदीचे. बाण गवताच्या काडीसारखा हलका. बाणाला डायम्फिडिया नावाच्या भुंगेऱ्याच्या अळीपासून काढलेले विष लावतात. त्यामुळे बाण खोल शिरण्याची गरज उरत नाही. तो कातडी भेदून रक्तापर्यंत पोचला तरी पुरे. तरीही हा शिकारी वाकून, रांगून, वाऱ्याची दिशा सांभाळत जनावराच्या जवळ जातोच. विषामुळे मर्मस्थान अचूक साधण्याचे बंधन सैल होते, जवळ जाण्याचे होत नाही. शिवाय मोठे जनावर पडायला अनेक तास, कधी एखादा दिवसही लागतो. तोवर माग काढत राहणे हा शिकारीचा अर्धा भाग असतो.

आधुनिक विज्ञानाची या कौशल्याशी गाठ पडली ती कॅलिफोर्नियात. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिलजवळ याही जमातीचा अखेरचा माणूस एकटाच बाहेर आला. त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही. म्हणून मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’, म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’, असे म्हटले. सॅन फ्रान्सिस्कोतील संग्रहालयात राहणाऱ्या इशीची मैत्री शेजारच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांच्याशी झाली आणि पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. १९१६ मध्ये क्षयाने इशीचा अंत झाला. १९१८ मध्ये पोप यांनी याही धनुर्विद्येवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी पद्धतीच्या स्पर्धेत, दूरच्या मोठ्या लक्ष्यावर, इशी फारसा चमकला नसता. त्याचे सामर्थ्य निराळे होते. माणसाचा वास कमी व्हावा म्हणून शिकारीपूर्वी स्नान करणे, तंबाखू टाळणे, हरणाचे पेंढा भरलेले डोके धरून जनावराचे कुतूहल जागवणे, सशाला आवाज काढून बोलावणे, तासन्‌तास निश्चल बसणे, ही त्याची खरी विद्या. नेम धरण्यापूर्वी अंतर कमी करणे हेच तिचे सार होते.

यापुढची पायरी भौतिकशास्त्रज्ञांनी चढली. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेतील क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग यांनी बाणाचा वेग, धनुष्यात साठणारी ऊर्जा आणि सुटताना बाणाला येणारा बाक यांची मोजमापे केली. शिकाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असलेल्या मर्यादेमागचा हिशेब आता मांडता येऊ लागला. तो शाळेतील गणिताने करता येण्याजोगा आहे.

बाण बंदुकीच्या गोळीसारखा मारत नाही. त्याचे पाते कापते आणि रक्तस्रावाने जनावर पडते. म्हणून तो हृदय आणि फुप्फुसे असलेल्या भागातच लागला पाहिजे. मध्यम आकाराच्या हरणात हा भाग साधारण एक वीत रुंद असतो. मधोमध नेम धरला तर वर-खाली जेमतेम ११ सेंटीमीटरची मोकळीक मिळते.

आता पारंपरिक लाकडी धनुष्याच्या बाणाचा वेग सेकंदाला ५० मीटर धरू आणि हवेचा अवरोध बाजूला ठेवू. बाण वक्र मार्गाने जातो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला की उंची चुकते. जनावर २० मीटरवर आहे असे समजून नेम धरला आणि ते प्रत्यक्षात २२ मीटरवर असले, तर बाण सुमारे ९ सेंटीमीटर खाली लागतो. तो अजून विताच्या आत असतो. अंदाज ४० मीटरचा आणि अंतर ४४ मीटर असले, तर मात्र बाण सुमारे ३५ सेंटीमीटर खाली जातो. दोन्ही वेळा चूक दहा टक्क्यांचीच आहे. पण अंतर दुप्पट झाले की परिणाम चौपट होतो. पहिल्या चुकीत जनावर पडते, दुसरीत बाण पोटाखालून निघून जातो किंवा पाय मोडतो.

दुसरा हिशेब काळाचा. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने धावतो, म्हणजे तो बाणाच्या पुष्कळ आधी जनावरापाशी पोचतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडते आणि त्याचे धड खाली येते. पाय धडाला वर ढकलू शकतात, खाली ओढू शकत नाहीत. त्यामुळे धड जास्तीत जास्त गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने खाली येईल. आवाज कळून हालचाल सुरू व्हायला सेकंदाचा दहावा भाग लागतो असे मानू. १० मीटरवर आवाज आणि बाण यांच्या पोचण्यात ०.१७ सेकंदाचे अंतर असते; तेवढ्यात धड दोन-अडीच सेंटीमीटर खचते. २० मीटरवर हे अंतर ०.३४ सेकंद होते आणि धड २८ सेंटीमीटरपर्यंत खाली येऊ शकते. ४० मीटरवर ०.६८ सेकंद हाती असतात, आणि हरीण मूळ जागी राहीलच याची काही शाश्वती उरत नाही.

नॉर्वेतील दगडी आडोशांचा अर्थ या आकड्यांत स्पष्ट होतो. बेसावध, शांत उभे असलेले जनावर २० मीटरवर मिळणे आणि कान टवकारलेले जनावर २० मीटरवर मिळणे, या भिन्न गोष्टी आहेत. अंतर मीटरमध्ये मोजले तरी निर्णय जनावराच्या मनःस्थितीवरही ठरतो. चर्चिल यांच्या सरासरीत जे २६ मीटर उमटले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांनी उपाशी राहून शिकलेले हेच गणित असावे.

१९६० च्या दशकात मिसुरीतील होलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या. १९६९ च्या अखेरीस त्यांना पेटंट मिळाले. या कंपाउंड धनुष्याचा बाण आज सेकंदाला ९० मीटरच्या आसपास वेग गाठतो. वरचेच हिशेब या वेगाने पुन्हा केले तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. ४० मीटरवर अंदाज दहा टक्के चुकला, तर बाण सुमारे ११ सेंटीमीटर खाली लागतो. आवाज आणि बाण यांच्यातील अंतर ०.३३ सेकंद भरते. हे आकडे लाकडी धनुष्याच्या २० मीटरवरच्या आकड्यांशी जवळजवळ जुळतात. म्हणजे नव्या यंत्राने मर्यादा पुसली नाही, ती फक्त २० मीटरवरून ४० मीटरकडे सरकवली. त्यातही हाताचा कंप तसाच राहिला. नेम अर्ध्या अंशाने चुकला तर २० मीटरवर १७ आणि ४० मीटरवर ३५ सेंटीमीटरची चूक होते, बाण कितीही वेगवान असो. लेझर अंतरमापकाने अंदाजाची चूक काढून टाकली. पण बाण हवेत असताना जनावर सहज एक पाऊल पुढे टाकणार आहे की नाही, हे कोणताही अंतरमापक सांगत नाही.

म्हणूनच अमेरिकेत, जेथे धनुष्याने शिकार करणे कायदेशीर आहे, तेथील जाणते शिकारी नवशिक्याला धनुष्याचा पल्ला सांगत नाहीत. त्याला त्याचा स्वतःचा पल्ला शोधायला लावतात. ज्या अंतरावर त्याचे बाण विताएवढ्या वर्तुळात पडतात, तेथेच त्याची हद्द संपते. ही हद्द दिवसभर सराव केल्यानंतरच्या सर्वोत्तम बाणावरून ठरत नाही. ती थंड हाताने सोडलेल्या पहिल्या बाणावरून ठरते, कारण रानात दुसरा बाण सहसा मिळत नाही. या हद्दीबाहेर सुटलेल्या बाणाची किंमत शिकारी देत नाही. जखमी होऊन झाडीत नाहीसे झालेले जनावर ती देते. दशरथाची विद्या अपुरी नव्हती; त्याचा शब्दवेध अचूकच होता. न दिसणाऱ्या लक्ष्यावर बाण सोडावा की नाही, हा निर्णय चुकला आणि श्रावण गेला.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि ते योग्यच झाले. तरी हा प्रश्न येथे रोज नव्या रूपात उभा राहतो. जुन्नरच्या उसात शिरलेला बिबट्या किंवा वस्तीत आलेला हत्ती यांना भुलीचा डार्ट मारणाऱ्या पशुवैद्यापुढे तोच हिशेब असतो. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेल्या डार्ट बंदुकीचा डार्ट गोळीच्या तुलनेत फार सावकाश जातो आणि वक्र मार्गाने खाली येतो. दाब जास्त ठेवून जवळून मारला तर तो मांसात खोल घुसून इजा करतो. दाब कमी ठेवून दुरून मारला तर मांडीच्या स्नायूऐवजी पोटात लागू शकतो. भूल चढायला काही मिनिटे जातात. तेवढ्या वेळात घाबरलेले जनावर कोठे पळेल? जवळ विहीर आहे का, कालवा आहे का, महामार्ग आहे का, अंधार किती वेळात पडेल? सान शिकाऱ्याप्रमाणे या वैद्यालाही डार्ट लागल्यानंतरचा माग आधीच मनात काढावा लागतो.

अशा वेळी भोवती शेकडो लोक जमलेले असतात, मोबाइल उंचावलेले असतात आणि ‘मारा लवकर’ असा घोष चाललेला असतो. वैद्य बंदूक खाली घेतो तेव्हा गर्दीला तो भित्रेपणा वाटतो. प्रत्यक्षात त्या क्षणी तो माणसाच्या फार जुन्या विद्येपैकी एक वापरत असतो: अंतर अजून जास्त आहे हे ओळखणे, आणि थांबणे.