पट्टीत आपला आकडा कितवा?



गटाच्या बैठकीत हल्ली एक नवा विषय निघू लागला आहे. कुणीतरी येतं आणि म्हणतं, तुमच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करू, तुमच्या गटावर एक फिल्म काढू. थोडे पैसे तुम्ही घाला, थोडे आम्ही घालतो, पुढं उत्पन्न झालं की वाटून घेऊ. ऐकायला गोड लागतं. पापडाचा हिशेब आपल्याला येतो. उडीद कितीचे, मजुरी किती, पाकीट केवढ्याला गेलं, सगळं बोटावर मोजता येतं. पण गाण्याचा, सिनेमाचा, वर्तमानपत्राचा हिशेब कसा मांडायचा? आणि पैसे बुडाले तर कुणाचे बुडाले म्हणायचं?

हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात एका बाईच्या दागिन्यांपासून होते.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरात लागला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्याआधी दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, यंत्रं आणली. नंतर पैसा पुरेना तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. फिल्मच्या पट्टीला कडेनं भोकं पाडायचं किचकट काम त्यांनी शिकून घेतलं. औषधात फिल्म धुतली. दादरच्या त्या घरात काम करणाऱ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. म्हणजे भांडवल त्यांचं, मजुरी त्यांची आणि खानावळही त्यांची.

यात त्यांचा हिस्सा किती? घरातल्या बाईला कुठं हिस्सा विचारतात! 1918 साली दादासाहेबांनी नाशिकला पैसेवाल्या भागीदारांबरोबर ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ काढली. दादासाहेबांची विद्या आणि भागीदारांचे पैसे, असा सौदा होता. थोड्याच काळात खटके उडाले, दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले, पुढं परत आले. 1944 साली नाशिकला ते वारले तेव्हा हाताशी काही उरलेलं नव्हतं. सिनेमा चालला नाही असं नाही. तो चालला, पण पैसा ज्याच्या नावावर कागद होता त्याच्याकडे गेला.

आता मालाडला जाऊ. पश्चिम रेल्वेवर अंधेरी आणि बोरिवलीच्या मधे हे स्टेशन. आज तिथं उतरायचं तर गर्दीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. 1934 साली मात्र मालाड म्हणजे झाडी, वाड्या आणि श्रीमंत लोकांचे हवा खायचे बंगले. अशाच एका बंगल्याच्या आवारात हिमांशू राय आणि त्यांच्या पत्नी देविका राणी यांनी ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. एखादा सावकार गाठून त्यांनी पैसे उभे केले नाहीत. त्यांनी लिमिटेड कंपनी काढली आणि शेअर विकायला ठेवले. संचालक मंडळावर मुंबईची बडी नावं होती.

शेअर म्हणजे काय, हे आपल्याला परकं नाही. सोसायटीत किंवा दूध संघात आपण भाग घेतो, तेच. कंपनीला नफा झाला तर त्यातून भागावर लाभांश मिळतो. नफा नाही झाला तर काही मिळत नाही, आणि कुणाशी भांडायची सोयही नाही, कारण आपण कर्ज दिलेलं नसतं, मालकी घेतलेली असते. गटातून कर्ज देताना आपण हप्ता आणि व्याज ठरवतो. भाग घेताना असं काही ठरत नाही. ज्याला हा फरक कळला त्याला निम्मा विषय कळला असं मी समजते.

एक फरक आणखी आहे. सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत, मग तिचे भाग पाच असोत की पन्नास. कंपनीत असं नाही. तिथं जेवढे शेअर तेवढी मतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं यावरच फिरलं.

बॉम्बे टॉकीजचं काम शिस्तीचं होतं. यंत्रं परदेशी, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन जोसेफ विर्शिंग हे जर्मनीचे. नट-नट्यांपासून हमालापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर. अशोककुमार आधी तिथल्या लॅबोरेटरीत कामाला होते, मग नायक झाले. कुठल्याही जातीचा माणूस असो, जेवण एकाच कॅन्टीनमधे, आणि याच स्टुडिओतून 1936 साली ‘अछूत कन्या’ निघाला. गावाकडं पाणवठ्यावरून डोकी फुटत होती त्या काळातली ही गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

पगार, कॅन्टीन, शिस्त, सगळं चांगलं होतं. पण मालकी शेअरवाल्यांची. सेट उभारणारा सुतार, दिवे धरणारा, कपडे शिवणारा, यांना कंपनीच्या सभेत मत नव्हतं. चांगला मालक आहे तोवर ते जाणवत नाही.

1939 मधे महायुद्ध पेटलं आणि जर्मन मंडळींना इंग्रज सरकारनं कैदेत टाकलं. 1940 मधे हिमांशू राय वारले. कारभार देविका राणींकडं आला, पण आत दोन तट पडले. तरीही 1943 साली तिथून ‘किस्मत’ निघाला आणि कलकत्त्याच्या एकाच थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. एवढं यश मिळूनही त्याच वर्षी अशोककुमार, शशधर मुखर्जी आणि त्यांचे साथीदार बाहेर पडले आणि शेजारी गोरेगावला त्यांनी ‘फिल्मिस्तान’ काढली. म्हणजे पैसा नसला की भांडणं होतात असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. पैसा आला की वाटणीची भांडणं जास्त होतात. 1945 मधे देविका राणींनी आपले शेअर विकले, लग्न केलं आणि सिनेमा सोडला. शेअर विकला की मालकी गेली. स्टुडिओ तिथंच, माणसं तीच, मालक मात्र बदललेला. अशोककुमार काही वर्षांनी परत आले, ‘महल’सारखा गाजलेला सिनेमा 1949 मधे निघाला, पण गाडी रुळावर राहिली नाही. कामगारांचे पगार थकू लागले.

पगार थकला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. दुकानदार उधारी बंद करतो, शाळेची फी राहते, आणि घरातली बाई काहीतरी मोडते. मालाडच्या त्या घरांमधे कुणी काय मोडलं याची नोंद कुठल्याही सिनेमाच्या पुस्तकात सापडत नाही.

पण कामगारांनी एक गोष्ट केली, तिची नोंद आहे. त्यांनी सहकारी संस्था स्थापन केली आणि त्या संस्थेच्या नावानं स्वतः सिनेमा काढला. ‘बादबान’, साल 1954. बादबान म्हणजे जहाजाचं शीड. दिग्दर्शक फणी मुजुमदार. पडद्यावर अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी आणि आपल्या वसईच्या उषा किरण. वीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याच्या सिनेमासाठी दिवे धरले त्यांचं नाव निर्माता म्हणून लागलं. एक सभासद, एक मत. मला या सगळ्या इतिहासात हा सर्वांत मोठा क्षण वाटतो, ‘किस्मत’च्या तीन वर्षांपेक्षाही मोठा.

स्टुडिओ मात्र त्यानं वाचला नाही. बॉम्बे टॉकीज बंद पडली. त्या आवारात पुढं छोटे कारखाने आणि गाळे आले. पत्ता म्हणून नाव तेवढं राहिलं आहे.

का वाचला नाही? यासाठी सिनेमाची पट्टी बघावी लागते. आपण टोमॅटो मार्केटला पाठवतो, तेव्हा हातात येणाऱ्या पट्टीवर आधी आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं कापलेलं असतं आणि सगळ्यांत खाली आपला आकडा. सिनेमाचं तसंच होतं. तिकिटाच्या पैशातून आधी सरकारचा करमणूक कर, मग थिएटरवाल्याचा वाटा, मग वितरकाचं कमिशन आणि त्यानं आगाऊ दिलेली रक्कम. उरलं तर निर्मात्याला. शिवाय निर्मात्याच्या डोक्यावर कर्ज असेल तर तेही आधी. ज्यांनी घाम गाळला त्यांचा नंबर शेवटचा, मग निर्माता शेठ असो की कामगारांची संस्था. शेठला एक सिनेमा पडला तर दुसऱ्यातून भरून काढता येतं. पगार थकलेल्या माणसांकडे दुसऱ्या सिनेमाचे पैसे कुठून येणार? म्हणून माझं मत असं की ‘बादबान’वाल्यांचं चुकलं ते सहकार केला म्हणून नाही. तो करायची वेळ त्यांच्यावर जहाज बुडताना आली. संस्था 1934 ला असती तर तिला गंगाजळी साठवायला वीस वर्षं मिळाली असती.

आता दुसरं उदाहरण. हे गुजरातचं, पण त्यात आपली माणसं आहेत. 1976 साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. दूध संस्थांवरचा सिनेमा. कथा बेनेगल आणि अमूलचे वर्गीस कुरियन यांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि बिंदूच्या भूमिकेत आपली स्मिता पाटील. सिनेमाला लागले दहा लाख रुपये. कुरियन यांनी तोड काढली: संघाला दूध घालणारे पाच लाख शेतकरी, प्रत्येकानं दुधाच्या पैशातून दोन रुपये द्यायचे. सिनेमाच्या सुरुवातीलाच निर्माता म्हणून गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचं नाव येतं. सिनेमा लागल्यावर हे निर्माते गावागावांहून गाड्या भरून बघायला आले.

इथं हिशेब वेगळा आहे. दोन रुपये बुडाले असते तरी कुणाची चूल विझली नसती. आणि परतावा नुसता तिकिटाच्या पैशात मोजायचा नव्हता. पुढं नव्या गावात दूध संस्था काढायला माणसं जात, तेव्हा बरोबर या सिनेमाची प्रत नेत. जनावरांचा डॉक्टर जे तासभर बोलून पटवू शकत नसे ते पडदा पटवी. पुढं 1987 मधे बेनेगल यांनी हातमाग विणकरांवर ‘सुस्मन’ काढला, त्यालाही विणकरांच्या सहकारी संस्थांनीच पैसा दिला.

वर्गणी ही तिसरी रीत, तीही दोन शब्दांत सांगते. 31 जानेवारी 1920 ला डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजारांची मदत केली होती. तिच्यावर पत्र निघालं, पण वर्गणीदारांचा जोर पुरेसा नसल्यानं ते फार वर्षं टिकलं नाही. देणगीनं पहिला अंक निघतो. शंभरावा अंक निघायला वर्गणीदारच लागतात. वर्गणीदाराला लाभांश मिळत नाही, तिला अंक मिळतो, आणि तिनं तो मागायचा असतो.

तर कुणी ओव्यांचा, फिल्मचा प्रस्ताव घेऊन आलं की बैठकीत एवढं विचारा: आमचे पैसे देणगी, कर्ज, भाग की वर्गणी? आमचा आवाज आणि आमचे दिवस हेही भांडवलात धरलेत का, की सरस्वतीबाईंसारखे घरचे म्हणून सोडलेत? पट्टीवर आमच्या आधी कोण कोण आहे? आणि उद्या तुम्ही तुमचा हिस्सा विकलात तर आम्ही कुणाकडं जायचं? उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्या, खाली सह्या घ्या.

‘मंथन’मधे एक प्रसंग आहे. बिंदूचा नवरा तिच्याकडून एका कागदावर अंगठा उठवून घेतो. तो कागद असतो संस्था काढायला आलेल्या डॉक्टरांवरच्या खोट्या तक्रारीचा. सिनेमाची पन्नाशी जवळ आली तेव्हा त्याची प्रत नव्यानं स्वच्छ करून 2024 मधे फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली आणि मग आपल्याकडच्या थिएटरांतही पुन्हा लागली. कुठं बघायला मिळाला तर गटानं मिळून बघा, आणि तो अंगठ्याचा प्रसंग आला की जरा शेजारणीकडं बघा.