लूत आणि सुईचं टोक

शाळेच्या आवारात कुत्री व्याली, की दोन-तीन महिन्यांत एखाद्या पिल्लाच्या डोळ्याभोवतीचे, तोंडाजवळचे केस झडू लागतात. ‘लूत लागली’ म्हणून मुलं त्याला हाकलतात. कोणी दयाळू माणूस गॅरेजमधलं जळकं ऑईल आणून चोपडतो. पिल्लू अंग चाटतं आणि ते ऑईल पोटात जातं.

लूत कशानं होते, हे समजण्याचा रस्ता माणसाच्या खरजेवरून गेला. इटलीतल्या लिव्होर्नो गावचा औषधविक्रेता चेस्तोनी आणि डॉक्टर बोनोमो यांना दिसलं, की बायका मुलांच्या खरजेतून सुईच्या टोकानं काहीतरी बारीक, पांढरं उकरून काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो कासवासारखा दिसणारा जीव निघाला. १६८७ मध्ये बोनोमोनं रेदी या शास्त्रज्ञाला पत्र लिहून कळवलं, की खरूज रक्त बिघडल्यानं नाही, तर या किड्यानं होते. (‘किडा’ आपण सवयीनं म्हणतो. पाय आठ, म्हणजे तो गोचिडाचा भाऊबंद.)

वैद्यकानं हे मनावर घेतलं नाही. १८१२ मध्ये पॅरिसच्या गालेसनं किडा सापडल्याचा प्रबंध लिहिला. पण त्याचं चित्र चीजमध्ये होणाऱ्या किड्याशी जुळत होतं! खरा किडा १८३४ मध्ये रेनुची या विद्यार्थ्यानं तिथल्याच सेंट लुई रुग्णालयात काढून दाखवला. तो कॉर्सिका बेटावरचा. तिथल्या गरीब बायकांना ही युक्ती ठाऊक होती. डॉक्टर पुळीत शोधत होते. किडा मात्र पुळीपासून दूर, कातडीतल्या बारीक बोगद्याच्या टोकाशी असतो.

हाच सार्कोप्टिस कुत्र्यांना भयंकर खाज आणतो आणि हाताळणाऱ्यालाही काही दिवस खाजवायला लावतो. पिल्लांचं पोरकं टक्कल बहुधा वेगळ्याचं काम असतं. तो डेमोडेक्स. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत दूध पिताना तो आईकडून येतो, केसांच्या मुळाशी राहतो, खाज फारशी आणत नाही. असे एक-दोन चट्टे बहुतेक पिल्लांत काही महिन्यांत आपोआप भरून येतात. श्रेय जातं जळक्या ऑईलला! ऑईल न लावलेलं भावंड शेजारी असतं, तर वर्गात चर्चेला चांगला विषय मिळाला असता.

जपानमधल्या मातीत ओमुरांना मिळालेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन तयार झालं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं, २०१५ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. तरी ते अंदाजानं पाजू नये. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि जिवावर बेततं. घरी करण्याजोगं एवढंच, की पिल्लाला पोटभर चांगलं खायला घालावं, अंथरूण गरम पाण्यानं धुवावं, खाजणारं पिल्लू वेगळं ठेवावं. चट्टे पसरले तर पशुवैद्याकडे न्यावं; गजकर्णाचे चट्टेही असेच दिसतात.

पशुवैद्य कातडी चिमटीत दाबून, रक्त पाझरेपर्यंत खरवडतो, कारण डेमोडेक्स खोल असतो. सार्कोप्टिस मात्र आजही अनेकदा खरवडून सापडत नाही. मग तो नुसती खाज पाहून उपचार सुरू करतो.