सापाचे काळीज

आमच्या बीड जिल्ह्यात नागपंचमीला चुलीवर तवा चढत नाही, विळीला कोणी हात लावीत नाही आणि नांगर रानात जात नाही. धरणीच्या पोटात बसलेल्या नागोबाला इजा होऊ नये, एवढीच त्यामागची भावना. एरवी बारा महिने शेतकऱ्याला त्याचेच भय! अशा या प्राण्याच्या काळजाकडे पाहून माणसाच्या हृदयविकारावर उपाय शोधावा, असे मुंबईतल्या एका शस्त्रवैद्याला वाटले. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या पोरांनी तरी ती हकिकत जरूर ऐकावी.

शस्त्रवैद्य म्हणजे परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन. जन्म कलकत्त्याचा, १९१५ सालचा. कर्मभूमी मात्र मुंबई. त्यांना छळणारा प्रश्न असा : आपले हृदय जन्मभर रक्त उपसते, पण त्या रक्ताचा लाभ त्याच्या स्वतःच्या जाड भिंतीला आतून जवळजवळ होतच नाही. पाण्याची पखाल वाहणाऱ्या भिस्त्याचा घसा कोरडा राहावा, तसेच हे. भिंतीला रक्त मिळते ते बाहेरच्या अंगाने पसरलेल्या करोनरी धमन्यांतून, आणि त्या तुंबल्या की छातीत कळ येते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्याची व्यवस्था निराळी. त्याच्या हृदयाची भिंत बरीचशी स्पंजासारखी असते. पोकळीतले रक्त आतल्या आतच तिच्यात मुरते.

मग माणसाच्या हृदयालाही अशा वाटा का करून देऊ नयेत? सेन आणि त्यांचे सहकारी डॉ. तेहमतन उडवाडिया, डॉ. किणरे व डॉ. परुळकर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. करोनरी धमनी बांधायची आणि हृदयाच्या भिंतीला आरपार सुया टोचून पोकळीपर्यंत छिद्रे पाडायची. १९६५ साली अमेरिकेतल्या एका शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. पद्धतीला त्यांनी 'अ‍ॅक्युपंक्चर' म्हटले होते; चिनी सुईवैद्यकाशी तिचे नाते मात्र सुईपुरतेच!

सेनांचे नाव गाजले ते निराळ्या कारणाने. बर्नार्ड यांनी केपटाऊनला पहिले हृदयरोपण केले ३ डिसेंबर १९६७ रोजी. त्यानंतर तीन महिने व्हायच्या आत, १७ फेब्रुवारी १९६८ रोजी, सेनांनी परळला तेच धाडस केले. रोगी काही तासच जगला. भारतात पहिले यशस्वी हृदयरोपण व्हायला १९९४ साल उजाडावे लागले.

त्या गाजावाजात सुया मागे पडल्या. पडायला आणखीही एक कारण होते, आणि ते लपविण्यात अर्थ नाही : जखम भरून यावी तशी ती छिद्रे बुजून जात. पुढे परदेशी शस्त्रवैद्यांनी सुईच्या जागी लेसर किरण वापरले. १९९८ साली अमेरिकन सरकारने त्या यंत्राला परवानगीही दिली. गंमत अशी की लेसरची छिद्रेसुद्धा बुजत, पण रोग्यांची कळ कमी होई. कोणी म्हणाले, जखमेमुळे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. कोणी म्हणाले, वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच जळतात. आणि कोणी, हा नुसता मनाचा खेळ! माझा कल पहिल्या दोहोंकडे आहे, तरी तिसऱ्याचे म्हणणे मोडून काढणे सोपे नाही.

आता तर हृदयाचे मांसच प्रयोगशाळेत वाढविण्याचा उद्योग चालू आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी पेशींपासून हृदयस्नायूचे ठिगळ तयार केले, ते माकडांच्या आणि एका रुग्ण स्त्रीच्या हृदयावर शिवले. ते वृत्त २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. अडचण कोणती म्हणाल, तर जुनीच. रक्तवाहिन्या नसलेले ठिगळ काही दशांश मिलिमीटरहून जाड झाले, की मधल्या पेशी उपाशी मरू लागतात. म्हणून ओसाकाच्या जपानी डॉक्टरांनी पातळ पापुद्रे हृदयावर बसवून पाहिले आहेत, तर दुसरे कोणी ठिगळातच रक्ताच्या बारीक वाटा आखीत बसले आहेत.