निरोपानंतरची अठ्ठेचाळीस वर्षे

सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. शाल आणि श्रीफळ दिले जाते, सहकारी चार गोड शब्द बोलतात, सत्कारमूर्तीचा कंठ दाटून येतो आणि उपाहारानंतर मंडळी आपापल्या घरी जातात. समारंभाचे वर्णन करणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशीच्या सकाळविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्या सकाळी डबा भरण्याची घाई नसते, ठरलेली गाडी गाठायची नसते. पहिले काही दिवस हे सुख वाटते. पुढे घड्याळाचे काटे जड होऊ लागतात आणि काल चाळीस माणसांना कामाला लावणारा माणूस आज वर्तमानपत्राची घडी तिसऱ्यांदा उलगडतो. आमच्या धर्मग्रामांतील अनेक घरांत हे चित्र आम्ही पाहिले आहे. त्यावर उपदेश करण्यापेक्षा इतिहासातील एका माणसाकडे वाचकांना घेऊन जावे, असे आम्हांस वाटते.

तत्पूर्वी निवृत्तीच्या वयाविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमुक वर्षे पूर्ण झाली की काम थांबवायचे, ही रीत फार जुनी नाही. शेतकरी, कोळी, सुतार, लोहार यांना निवृत्तीचे वय कधीच नव्हते. हातपाय चालत तोवर काम चाले आणि ते थकले की मुलानातवंडांच्या आधाराने दिवस जात. १८८९ साली जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत वृद्धांसाठी विम्याचा कायदा झाला. त्यात निवृत्तिवेतनासाठी वयाची अट ७० वर्षांची होती. १९१६ साली ती ६५ वर आली. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकरांसाठी ५५ ही मर्यादा दीर्घकाळ होती. ती १९६२ मध्ये ५८ आणि १९९८ मध्ये ६० झाली. हे आकडे कायद्याने व हिशेबाने ठरविलेले आहेत. माणसाचे मन आणि त्याची उमेद त्या दिवशी संपते, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही.

ज्या १९१६ साली जर्मनीत वयाची अट खाली आली, त्याच साली पुण्यात एका निवृत्त प्राध्यापकाने महिला विद्यापीठ स्थापन केले. दीडच महिन्यापूर्वी त्यांना ५८ वर्षे पूर्ण झाली होती. ते म्हणजे धोंडो केशव कर्वे, आपणा सर्वांचे अण्णा.

१८ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला. कोकणातील मुरूडच्या गरीब घरातला हा मुलगा परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला न बसताच परत आला. पुढे ते पदवीधर झाले, मुंबईत शिकवू लागले आणि १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला आणि गावाचा बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. महाविद्यालयातील तास संपले की अण्णा आश्रमाला लागणाऱ्या वस्तू घेऊन, चिखल तुडवीत, पायी हिंगण्याला जात आणि तेथे मुलींना शिकवीत.

१९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. तेवीस वर्षे नोकरी झाली होती आणि वयाची छप्पन्न वर्षे पूर्ण झाली होती. आश्रम नीट चालला होता, लोकांत मान होता. आता विसावा घेतला असता तर कोणीही बोल लावला नसता. परंतु जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती आणि तिने त्यांच्या मनात घर केले होते. १९१५ मध्ये मुंबईस सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना लोकांपुढे मांडली. मातृभाषेतून उच्च शिक्षण, ही तिच्यातील मुख्य गोष्ट होती. पुढच्याच वर्षी, जून १९१६ मध्ये, विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास मिळाले.

मार्च १९२९ मध्ये, सत्तरी पूर्ण झालेले अण्णा परदेश प्रवासास निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क, अमेरिका असे फिरत, ठिकठिकाणी भारतातील स्त्रीशिक्षणाविषयी व्याख्याने देत ते जपानला पोहोचले आणि जे पुस्तिकेत वाचले होते ते टोकिओचे महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. एप्रिल १९३० मध्ये ते परत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा निघाले ते आफ्रिकेला. मोंबासा, केनिया, युगांडा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणच्या भारतीयांची दारे ठोठावीत त्यांनी सुमारे सव्वा वर्ष काढले. अण्णा स्वभावाने संकोची. वक्तृत्वाची देणगी त्यांना नव्हती. अशा माणसाला अनोळखी उंबरठ्यावर उभे राहून मदत मागणे किती जड जात असेल, याची कल्पना देवळासाठी वर्गणी गोळा करीत हिंडलेल्या आपल्या मंडळींना सहज करता येईल.

यानंतरचा भाग आम्हांस सर्वाधिक विचार करावयास लावतो. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. आपण जन्माला घातलेली संस्था दुसऱ्यांच्या हाती मोठी होत असताना तिच्या दाराशी खुर्ची टाकून बसण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा त्या वर्षी खेड्यांकडे वळले. जेथे शाळाच नव्हती अशा गावांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. विद्यापीठाच्या संस्थापकाने पाटीपेन्सिलीच्या शाळेसाठी झोळी घ्यावी, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९४४ मध्ये, श्याऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध त्यांनी समता संघ काढला. १९५८ साली ते शंभर वर्षांचे झाले. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी देह ठेवला. नोकरी तेवीस वर्षांची आणि निवृत्ती अठ्ठेचाळीस वर्षांची, असा हा जमाखर्च आहे. त्यांच्या निधनानंतर महिनाही लोटला नव्हता, तोच सरकारी निवृत्तीचे वय ५५ वरून ५८ झाले. अण्णांनी विद्यापीठ काढले ते नेमके अठ्ठावन्नाव्या वर्षी.

आपण कोणी महर्षी नाही, हे आम्ही जाणतो. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला मधुमेह आहे, कोणाचे निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे. तरीही या चरित्रातून दोन गोष्टी आपल्या घरापर्यंत आणता येतात. पहिली ही की निवृत्तीनंतरच्या कामाची मुळे निवृत्तीपूर्वीच रुजलेली असावी लागतात. अण्णा १९१४ मध्ये एकाएकी समाजसेवक झाले नाहीत. हिंगण्याची वाट त्यांच्या पायांखाली कित्येक वर्षे मळलेली होती. ज्याने तीस वर्षे कचेरी आणि घर यांपलीकडे काही पाहिले नाही, त्याला साठाव्या वर्षी छंद शोधावा लागतो, आणि शोधलेला छंद फार दिवस टिकत नाही. पन्नाशीतल्या वाचकांनी हे ध्यानी घ्यावे. दुसरी गोष्ट म्हणजे अधिकार सोडण्याची तयारी. अण्णांनी काम सोडले नाही, पण प्रत्येक वेळी जागा सोडली. आश्रम पार्वतीबाई आठवले यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी सांभाळला, विद्यापीठ इतरांनी वाढविले आणि ते स्वतः पुढच्या लहान कामाला लागले. आपल्या संस्थांत, पतपेढ्यांत, गायनमंडळांत ज्येष्ठांविषयी तरुणांची तक्रार असते ती त्यांच्या कामाविषयी नसते; न सुटणाऱ्या खुर्चीविषयी असते.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. अण्णांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया, यांनी हा सारा संसार ओढला. पैशाला वाट बाहेरची होती आणि घरात ओढाताण. त्यांनी स्वतः आश्रमासाठी वर्गण्या जमविल्या आणि 'माझे पुराण' हे आत्मचरित्र मागे ठेवले. त्यांना निरोप समारंभ कोणी केला नाही, कारण घरातील बाईला निवृत्तीचे वय नसते. आज निवृत्त झालेल्या पुरुषाने काय करावे, असा प्रश्न आम्हांस कोणी विचारला, तर उत्तर द्यायला आम्ही हिंगण्यापर्यंत जाणार नाही. स्वयंपाकघरापर्यंत जाऊ. चाळीस वर्षे जिने डबा भरला, तिच्या हातातले एखादे काम कायमचे आपल्या हाती घ्यावे. समाजाचे काम त्यानंतर शोधावे. ते फार दूर नसते.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत फार थोड्यांना लाभलेली ही वर्षे आहेत. निरोप समारंभातील शाल जपून ठेवावी, पण ती पांघरून बसण्यापूर्वी दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जायचे, हे आदल्या दिवशी ठरलेले असावे.