जर्मन गीतांतील दुःस्वप्न व प्रलयचित्रे

जर्मन कलागीते (लीड), नाट्यगीते व लोकप्रिय गाणी यांत स्वप्न किंवा दिवास्वप्न यांच्या आधारे विनाशाचे दर्शन घडविणारा प्रतिमासमूह. मृत प्रिय व्यक्ती, काळे पक्षी, एकाहून अधिक सूर्य व उद्ध्वस्त नगरे या त्यातील काही ठळक प्रतिमा होत.

पूर्वपीठिका : मार्टिन लूथरच्या बायबल-भाषांतरामुळे (नवा करार १५२२, संपूर्ण १५३४) अंतकाळाची चित्रे जर्मन लोकभाषेत व्यापकपणे रुजली. झां पाउलच्या ‘झीबेनकेस’ (१७९६–९७) या कादंबरीतील एका स्वप्नात मृत ख्रिस्तच ईश्वर नसल्याचे सांगतो. धर्मग्रंथातील प्रलय येथे एका माणसाच्या भयस्वप्नाचा विषय होतो.

कलागीते : व्हिल्हेल्म म्युलरच्या कवितांवरील शूबर्टच्या ‘व्हिंटररायझे’ (१८२७) या २४ गीतांच्या मालिकेतील अकराव्या गीतात वसंताचे स्वप्न कोंबड्याच्या आरवण्याने मोडते; छपरावर डोमकावळे ओरडत असतात. येथे स्वप्न मधुर आहे आणि जाग भयाण. स्वप्नाची चाल मेजरमध्ये असून गीत मायनरमध्ये संपते. तेविसाव्या गीतात नायकाला तीन सूर्य दिसतात. हवेतील हिमस्फटिकांमुळे असे आभासी सूर्य खरोखर दिसतात. परंतु त्यांपैकी दोन म्हणजे प्रेयसीचे डोळे, की तिन्ही मिळून श्रद्धा, आशा व प्रेम, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

हाइनेच्या कवितांवरील शूमानच्या ‘डिश्टरलीबऽ’ (१८४०) मालिकेतील तेराव्या गीतात तीन स्वप्ने येतात : प्रेयसीचा मृत्यू, तिने नायकाचा केलेला त्याग आणि तिचे अबाधित प्रेम. नायकाचे अश्रू तिसऱ्या स्वप्नानंतरही थांबत नाहीत. आरंभी गायकाला साथ नाही. ओळींमधल्या शांततेत पियानोचे त्रोटक आघात ऐकू येतात. त्यामुळे केवळ शब्दांवरून केलेला अर्थ अपुरा ठरतो.

विसावे शतक : ब्रेश्ट व कुर्ट व्हाइल यांच्या ‘ड्राइग्रोशनओपर’ (बर्लिन, १९२८) या संगीत नाटकातील चाचेकन्या जेनीच्या गाण्यात हॉटेलातील राबणारी मोलकरीण आठ शिडांच्या, पन्नास तोफांच्या जहाजाचे दिवास्वप्न पाहते. जहाज शहर जमीनदोस्त करते आणि कोणाला मारायचे हे तिलाच विचारले जाते. हा प्रलय दैवी शिक्षा नसून दडपलेल्यांचा सूड आहे. मूळ नाटकात हे गाणे पॉली हे पात्र गाते. पाब्स्टच्या या नाटकावरील चित्रपटात (१९३१) ते जेनी नावाच्याच दुसऱ्या पात्राकडे आले. गाणारे पात्र बदलले की धमकीचे वजनही बदलते. या नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) हे मराठी रूपांतर केले.

नेना या बँडच्या ‘९९ लुफ्टबलोन्स’ (१९८३) या गाण्यात हवेत सोडलेल्या फुग्यांमुळे युद्ध पेटते. त्यामागे शीतयुद्धातील अण्वस्त्रांची भीती आहे. राम्श्टाइन या बँडच्या ‘मुटर’ (२००१) या अल्बममध्येही दुःस्वप्नाच्या प्रतिमा आहेत.

अर्थनिर्णय : फ्रॉइडच्या स्वप्नमीमांसेने (१९००) दृश्य आशयामागील सुप्त इच्छा शोधण्याची पद्धत दिली. ती जेनीच्या गाण्याला बऱ्याच अंशी लागू पडते. मात्र गीतातील स्वप्न ही झोपलेल्या माणसाची कैफियत नसून कवीची रचना असते. म्हणून स्वप्न कोण पाहतो, जाग केव्हा येते आणि संगीत शब्दांना दुजोरा देते की छेद, हे तपासल्याखेरीज केलेला प्रतीकार्थ ग्राह्य मानता येत नाही.