अपग्रेडनंतर ‘फाइल मिसिंग’चा मेसेज आला तर फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. त्यामुळे शाळा, संस्था, झेरॉक्सची दुकानं आणि घराघरांतले कम्प्युटर विंडोज ११ वर नेण्याची धावपळ सुरू झाली. बहुतेकांचं अपग्रेड सुरळीत पार पडतं. पण काही मशिनवर दुसऱ्याच दिवशी मेसेज येतो की अमुक डीएलएल फाइल मिसिंग आहे, प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही. कुठे फॉन्ट गायब असतात, कुठे डेस्कटॉपच रिकामा दिसतो. मग मशिन दुकानात जातं आणि तिथे एकच इलाज ऐकायला मिळतो: फॉरमॅट मारावं लागेल.

फॉरमॅट हा इलाज आहेच, पण तो शेवटचा. फॉरमॅट मारलं की सी ड्राइव्हवरचं सगळं जातं. आपल्याकडे लोक डी ड्राइव्ह रिकामा ठेवून सगळी कामं डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात. मुलांच्या शिष्यवृत्तीचे कागद, निकालपत्रकं, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, घरातले फोटो, सगळं तिथेच. आणि हे दोन्ही फोल्डर सी ड्राइव्हवर असतात. म्हणून मेसेज आला की आधी एवढंच विचारायचं: हरवलेली फाइल कोणाची आहे? विंडोजची स्वतःची, एखाद्या प्रोग्रामची, की आपली? तिघांचा इलाज वेगळा आहे आणि तिन्हीत फॉरमॅटची गरज सहसा पडत नाही.

फाइल विंडोजची असेल तर

अपग्रेड चालू असताना लाइट गेली, डिस्कवर जागा कमी पडली किंवा हार्डडिस्कच जुनी होऊन खराब व्हायला लागली असेल तर विंडोजच्या स्वतःच्या फाइली अर्धवट राहतात. लक्षणं अशी: सेटिंग्ज उघडत नाही, स्टार्ट मेनू दाबला तरी काही होत नाही, अपडेट पुन्हा पुन्हा फेल होतं.

विंडोजकडे याचं औषध आधीपासून आहे. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘विनएसएक्सएस’ नावाचं एक गोदाम असतं, त्यात सिस्टिमच्या फाइलींच्या मूळ प्रती ठेवलेल्या असतात. सिस्टिम फाइल चेकर हे हत्यार प्रत्येक फाइल त्या प्रतीशी ताडून बघतं आणि बिघडलेली बदलून टाकतं. अडचण एवढीच की कधीकधी गोदामातला मालच खराब असतो. म्हणून आधी गोदाम दुरुस्त करायचं, मग फाइली. बरेच जण हा क्रम उलटा करतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणून सोडून देतात.

स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ घ्या. इंटरनेट चालू ठेवा. पुढच्या कमांड कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, इथे त्यांचा उच्चार देतो. पहिली: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. स्लॅश पुढच्या शब्दाला चिकटलेला हवा, क्लीनअप आणि इमेजच्या मध्ये छोटी आडवी रेघ, आणि रिस्टोअरहेल्थ हा सलग एकच शब्द. ही कमांड चांगल्या फाइली विंडोज अपडेटमधून आणते. टक्क्यांचा आकडा मध्येच बराच वेळ अडकून राहतो. मशिन हँग झालं असं समजून खिडकी बंद करू नका, चहा पिऊन या.

ती संपली की दुसरी: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. स्कॅननाऊ हाही एकच शब्द. शेवटी इंग्रजीत एक वाक्य येतं, ते नीट वाचा. ‘डिड नॉट फाइंड एनी इंटिग्रिटी व्हायोलेशन्स’ म्हणजे सिस्टिमच्या फाइली ठीक आहेत, दुखणं दुसरीकडे शोधा. ‘सक्सेसफुली रिपेअर्ड’ आलं तर रिस्टार्ट करा. ‘अनेबल टू फिक्स सम ऑफ देम’ म्हणजे काही फाइली दुरुस्त झाल्या नाहीत. अशा वेळी रिस्टार्ट करून दोन्ही कमांड त्याच क्रमाने पुन्हा चालवा. ‘कुड नॉट परफॉर्म द रिक्वेस्टेड ऑपरेशन’ आलं तर सेफ मोडमध्ये जाऊन चालवा.

तरीही जमलं नाही तर तिसरी पायरी आहे आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची हीच: आहे त्याच्यावरच विंडोज पुन्हा बसवणं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल मोफत मिळते. विंडोज चालू असतानाच ती डबल क्लिक करून उघडायची आणि आतला सेटअप चालवायचा. तो ‘काय ठेवायचं?’ असं विचारतो. तिथे ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ निवडलेलं आहे याची खात्री करूनच पुढे जा. सिस्टिमच्या सगळ्या फाइली नव्या होतात, आपल्या फाइली आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे विंडोज अपडेट वापरून हेच काम करणारं बटणही आलं आहे, मग आयएसओ लागत नाही.

एक खबरदारी. मशिन खूप हळू झालं असेल आणि हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वरचं काहीही करू नका. डिस्क मरणपंथाला आहे. आधी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर आपल्या फाइली काढून घ्या, मग नवी डिस्क.

मशिन सुरूच होत नसेल तर

काळ्या किंवा निळ्या स्क्रीनवर बूटची फाइल मिसिंग दाखवत असेल तर मशिन दोन-तीनदा सुरू करून मध्येच बंद केल्यावर विंडोज स्वतःच रिपेअरच्या पानावर जातं. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये स्टार्टअप रिपेअर आहे. ते पानही येत नसेल तर दुसऱ्या कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करा, त्यावरून मशिन सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘रिपेअर’ निवडा. तो पेन ड्राइव्ह आधी पूर्ण पुसला जातो, म्हणून रिकामाच घ्या.

इथे बऱ्याच लॅपटॉपवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. हे बिटलॉकरचं कुलूप. आपण कधी लावलंच नाही असं लोक म्हणतात, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की अनेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. ही की त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. ती मिळाली नाही तर डिस्कवरचा डेटा जगातला कुठलाच कारागीर काढू शकत नाही. अपग्रेड करण्याआधीच की बघून वहीत उतरवून ठेवलेली बरी.

हे सगळं घरी जमणार नसेल तर मशिन जरूर दुकानात न्या. पण ‘विंडोज टाकून द्या’ म्हणू नका. ‘आधी युजर्स फोल्डर बाहेर काढून मला दाखवा, मग पुढचं करा’ असं स्पष्ट सांगा. आणि चुकून फॉरमॅट झालंच असेल तर मशिन लगेच बंद ठेवा. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कवरून काही फाइली परत मिळू शकतात. एसएसडीवरून मिळण्याची आशा फार कमी, कारण ती मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करून टाकते.

फाइल प्रोग्रामची असेल तर

मेसेजमध्ये एमएसव्हीसीपी १४० किंवा व्हीसीरनटाइम १४० अशी नावं असतील तर विंडोजला काही झालेलं नाही. या फाइली मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल या पॅकेजच्या आहेत. अनेक प्रोग्रामना ते लागतं आणि एसएफसी कितीही वेळा चालवलं तरी त्या परत येणार नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून २०१५ पासूनच्या आवृत्त्यांचं एकत्रित पॅकेज मोफत घ्या. एक्स८६ आणि एक्स६४ असे दोन भाग असतात, दोन्ही बसवा. मशिन ६४ बिटचं असलं तरी जुना प्रोग्राम ३२ बिटचा असू शकतो.

डीएलएलचं नाव गूगलवर टाकलं की ‘फ्री डीएलएल डाउनलोड’वाल्या साइट वर येतात. त्यांच्याकडे जाऊ नका. एकतर त्या फाइलीत व्हायरस असू शकतो. दुसरं, फाइल खरी असली तरी ती ठेवायची कुठे इथेच घोळ होतो. ६४ बिट विंडोजमध्ये ६४ बिटच्या फाइली ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये असतात आणि ३२ बिटच्या ‘सिसवॉव६४’मध्ये. नावं चक्क उलटी! चुकीची फाइल चुकीच्या जागी गेली की मिसिंगचा मेसेज जाऊन शेवटी ‘७ बी’ असलेला एरर कोड येतो आणि गुंता वाढतो.

जुनं हिशेबाचं किंवा निकालाचं सॉफ्टवेअर डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ मागत असेल तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जाऊन त्यावर टिक करायची. बाकी प्रोग्राम काढून पुन्हा टाकला की बहुतेकदा काम होतं.

फाइल आपली असेल तर

डेस्कटॉप कोरा दिसला की छातीत धस्स होतं, पण फाइली बहुतेकदा तिथेच असतात. कोपऱ्यात ‘टेम्पररी प्रोफाइल’ असा मेसेज आला असेल तर विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या खोलीत बसवलंय असं समजा. तिथे काही नवीन सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ते पुसलं जातं. एक-दोनदा रिस्टार्ट करा. सी ड्राइव्हवर युजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं जुनं फोल्डर बघा.

ते नसेल तर वनड्राइव्ह बघा. नवं सेटअप करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवले जातात. मोफत जागा फक्त ५ जीबी, ती भरली की नव्या फाइली चढत नाहीत.

तिसरी जागा म्हणजे ‘विंडोज डॉट ओल्ड’. अपग्रेडच्या वेळी जुनं विंडोज या फोल्डरमध्ये जातं. ‘काहीही ठेवू नका’ हा पर्याय चुकून निवडला गेला असेल तर तुमच्या फाइलीही त्यातल्या युजर्समध्ये सापडतात. पण हे फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, जुन्या विंडोजवर परत जाण्याची मुदतही तेवढीच. डिस्क क्लीनअप करताना ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक केली तर त्याआधीच जातं. जागा मोकळी करायची घाई करू नका.

अपडेटने खरोखर फाइली पुसल्या असंही घडलं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीने काही लोकांचे डॉक्युमेंट्स डिलीट केले होते. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते अपडेट थांबवलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिलं. त्या लोकांपैकी ज्यांची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर होती त्यांचं काही बिघडलं नाही.

फॉन्टचं प्रकरण

मराठी आणि उर्दूत काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो आणि कारण कोणी सांगत नाही. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने अनेक भाषांचे जादा फॉन्ट मूळ संचातून काढून ऐच्छिक केले. मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’मध्ये गेले. उर्दू टाइपसेटिंग हा नस्तालीक फॉन्ट ‘अरेबिक स्क्रिप्ट सप्लिमेंटल फॉन्ट्स’मध्ये गेला. विंडोज ७ किंवा ८ वरून वर आलेल्या, किंवा ११ नव्याने टाकलेल्या मशिनवर ते नसू शकतात. मंगलमधली फाइल मग निर्मला फॉन्टमध्ये उघडते, ओळी सरकतात, दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर जाते. उर्दू मजकूर नस्तालीकऐवजी नस्ख वळणात दिसतो. वाचता येतं, पण लहान मुलांना ते वळण परकं वाटतं.

इलाज दोन मिनिटांचा आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘ऑप्शनल फीचर्स’ टाका, ‘व्ह्यू फीचर्स’ किंवा ‘अ‍ॅड अ फीचर’ घ्या, देवनागरी आणि अरेबिक शोधून दोन्ही संच बसवा. भाषांच्या यादीत मराठी आणि उर्दू जोडल्या तरी हे फॉन्ट सहसा आपोआप येतात. इंटरनेट हवं.

इनपेजचं नूरी नस्तालीक मात्र यात मिळणार नाही. तो एक फॉन्ट नसून अनेक फाइलींचा संच आहे आणि तो इनपेजबरोबरच येतो, त्यामुळे इनपेज पुन्हा टाकावं लागतं. जुन्या इनपेजचा मजकूर युनिकोडमध्ये नसल्यामुळे ती फाइल वर्डमध्ये उघडूनही उपयोग नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या मराठीचं तसंच. फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट परत आला की मराठी परत दिसते. सीडी हरवली असेल तर दहा दिवसांच्या आत विंडोज डॉट ओल्डमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स फोल्डर उघडा, जुने फॉन्ट तिथे असतात.

फॉन्ट परत बसवताना डबल क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबू नका. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून असा फॉन्ट फक्त त्या एका युजरपुरता बसतो, दुसऱ्या नावाने लॉगिन केलं की तो दिसत नाही. स्टाफरूमच्या मशिनवर चारजण चार नावांनी बसतात, म्हणून फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा.